एक वाजून पंचावन्न मिनिटांचं शहर

२४ सप्टेंबर १८४८. वार रविवार. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या दक्षिण काठावर, केंटकी राज्यातल्या न्यूपोर्ट गावी एका छपरावर कॅमेरा मांडलेला आहे. चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर हे दोघे छायाचित्रकार पलीकडच्या काठावरचं सिनसिनाटी शहर टिपतायत. एका प्लेटमध्ये (ज्यावर चित्र उमटतं त्या धातूच्या पत्र्यात) मावणार नाही इतका लांब, सुमारे दोन मैलांचा नदीकाठ. म्हणून कॅमेरा थोडा थोडा वळवत त्यांनी आठ प्लेटा घेतल्या. प्रत्येक प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची, म्हणजे शाळकरी वहीच्या पानापेक्षा थोडी मोठी. त्या शेजारी शेजारी मांडल्या की धक्क्याला लागलेल्या आगबोटी, गोदामं, दुकानं आणि मागच्या टेकड्यांसकट सगळं शहर उभं राहतं.

आपण या प्रसंगाची तारीख इतक्या खात्रीने सांगतो आहोत खरं, पण प्लेटांवर ती कुठेही लिहिलेली नाही. ती निघाली आगबोटींवरून. बोटींच्या अंगावरची नावं वाचता येतात. कोणती बोट कधी आली, कधी सुटली याच्या जुन्या नोंदी होत्या. मग एवढ्या सगळ्या बोटी एकाच दिवशी सिनसिनाटीच्या धक्क्याला कधी होत्या, हे शोधायचं. विसाव्या शतकात तिथल्या ग्रंथपालांनी आणि नदीच्या जाणकारांनी हे कोडं सोडवलं. तारीख मिळाली, पण वेळ मिळेना. चित्रात एका मनोऱ्यावर घड्याळ दिसतं, पण त्याची तबकडी प्लेटवर जेमतेम एक मिलिमीटरची. साध्या भिंगातून काटे काही दिसत नव्हते.

२००६च्या सुमारास या प्लेटा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात साफसफाई आणि जतनासाठी गेल्या. तिथे त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. आजच्या डिजिटल फोटोला असं मोठं करत गेलं की थोड्याच वेळात रंगीत चौकोन दिसायला लागतात. इथे उलटंच झालं. जितकं आत जावं तितकं आणखी काहीतरी दिसत गेलं: दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या चाकांच्या आऱ्या, खिडक्यांतले पडदे. आणि घड्याळातले काटे. एक वाजून पंचावन्न मिनिटं.

ही वेळ सिनसिनाटीची स्वतःची. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळपट्टे पाडले ते १८८३ साली. तोवर प्रत्येक गावचा सूर्य डोक्यावर आला की त्या गावचे बारा. म्हणजे त्या क्षणी सूर्य माथा ओलांडून पश्चिमेकडे कलला होता. दोघे उत्तरेकडे तोंड करून उभे, म्हणजे ऊन त्यांच्या डाव्या खांद्यामागून समोरच्या शहरावर पडत होतं. याहून चांगली जागा आणि वेळ मिळाली नसती. दोघांना ती नेमकी ठाऊक असणार, असं माझं मत.

एवढा बारीक तपशील १८४८ साली आला कुठून? याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे.

हे तंत्र दागेरोटाइपचं. फ्रान्समध्ये लुई दागेरने ते शोधलं आणि १९ ऑगस्ट १८३९ला पॅरिसमध्ये त्याची सगळी कृती जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर द्यायचा आणि आरशासारखा लखलखेपर्यंत घासायचा. मग तो पत्रा अंधारात आयोडीनच्या वाफेवर धरायचा (पुढे वेग वाढवायला ब्रोमीनही वापरू लागले). पृष्ठभागावर चांदीच्या क्षारांची पातळ साय धरते, ती प्रकाशाला हळवी असते. कॅमेऱ्यात प्रकाश पडला की क्षारातली चांदी सुटी होते, पण इतकी थोडी की डोळ्यांना काहीच दिसत नाही. ते चित्र उमटवतो पारा. तापवलेल्या पाऱ्याची वाफ जिथे प्रकाश पडला होता तिथेच जाऊन बसते आणि चांदी-पाऱ्याचे सूक्ष्म कण तयार होतात. उरलेला क्षार हायपोत धुऊन काढायचा. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंच्या डार्करूममध्ये ज्याच्या बाटल्या असायच्या, तोच हा हायपो. शेवटी सोन्याच्या क्षाराचा हात फिरवला की चित्र पक्कं होतं. चांदी, सोनं, पारा, आयोडीन... छायाचित्रकार निम्मा सोनार आणि निम्मा वैदू होता, आणि तो पाऱ्याच्या वाफेत दिवस काढायचा.

ते कण आकाराने साधारण एका मायक्रॉनच्या आतले. आपला केस जाडीला साठ-सत्तर मायक्रॉन भरतो, त्यावरून अंदाज करा. कण प्रकाश सगळीकडे उधळतात, म्हणून ती जागा पांढरी दिसते. जिथे कण नाहीत तिथे नुसता आरसा, आणि त्यात काळोखाचं प्रतिबिंब पडलं की ती जागा काळी दिसते. म्हणूनच दागेरोटाइप हातात धरून तिरपा केला की चित्र क्षणात उलटं होतं, गोऱ्याचं काळं आणि काळ्याचं गोरं. इथे निगेटिव्ह नाही, कागद नाही, प्रत नाही. जो पत्रा कॅमेऱ्यात होता तोच तुमच्या हातात. मधे कुठे छपाईच नाही, तर तपशील गळणार कुठून?

या तंत्राची खोड मात्र वेळेची. जाहीर झाल्यानंतर काही आठवड्यांतच, १८३९च्या शरद ऋतूत, फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा फोटो काढला. त्याच्या घरचा धंदा दिव्यांचा होता, त्यामुळे पत्र्यावर चांदी चढवणं त्याच्या हातचा मळ. दुकानामागे कॅमेरा लावून तो समोर जाऊन बराच वेळ निश्चल राहिला. केस विस्कटलेले, हाताची घडी, चौकटीत किंचित एका बाजूला. माणसाच्या अगदी जुन्या छायाचित्रांपैकी ते एक. नऊ वर्षांत रसायनं सुधारली, लागणारा वेळ पुष्कळ उतरला, तरीही सिनसिनाटीच्या धक्क्यावर त्या दुपारी जे झपाझप चालत होते ते चित्रात नाहीत. थांबलेलेच तेवढे उरले.

चित्रात न दिसणारं आणखी पुष्कळ आहे. ओहायो नदी ही तेव्हा गुलामगिरीची सीमा होती. कॅमेरा केंटकीत, म्हणजे जिथे माणूस विकत घेणं कायदेशीर होतं त्या काठावर, आणि भिंग वळलेलं मुक्त ओहायो राज्याकडे. नदी ओलांडून पळणाऱ्या गुलामांना पलीकडचा काठ अगदी याच बाजूने दिसायचा. शहर भरभराटीला आलेलं. १८५०च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख १५ हजारांवर होती आणि डुकराच्या मांसाचा धंदा एवढा की ‘पोर्कोपोलिस’ हे टोपणनाव पडलेलं. कत्तलखान्यांची घाण आणि पिण्याचं पाणी, दोन्हींचा संबंध त्याच नदीशी. पुढच्याच वर्षी, १८४९मध्ये, कॉलऱ्याने या शहरात हजारो बळी घेतले. तो पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नोने दाखवून द्यायला अजून अवकाश होता. पडद्यांच्या त्या खिडक्यांमागे कोण राहत होतं आणि त्यातलं कोण वाचलं, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही.

आता थोडं या पत्र्यांच्या प्रकृतीविषयी. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं तसेच हेही पडतात, हवेतल्या गंधकामुळे. काळेपणाचं कारण तरी जुनं आणि ओळखीचं होतं. खरा धक्का बसला २००५ साली. न्यूयॉर्कमध्ये बॉस्टनच्या साउथवर्थ आणि हॉज या जोडीच्या दागेरोटाइपांचं प्रदर्शन भरलं होतं. दीडशे वर्षं टिकलेल्या अनेक प्लेटांवर प्रदर्शनाच्या काळातच पांढरट धुकं चढलं. संशय गेला क्लोरीनवर. पृष्ठभागावर क्लोरीन असलं की चांदीचा क्लोराइड तयार होतो, आणि तोही प्रकाशाला हळवा. म्हणजे दिव्यांखाली ठेवलेली प्लेट पुन्हा एकदा ‘फोटो घेऊ’ लागली होती! रॉचेस्टरमध्ये मग जतनतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ एकत्र बसले आणि संगणकाच्या चिपा तपासायची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखी साधनं या जुन्या पत्र्यांकडे वळवली गेली.

सिनसिनाटीच्या आठ प्लेटा आता आर्गॉन वायू भरलेल्या बंद चौकटींत आहेत. हा वायू कशाशीच संयोग पावत नाही. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात त्या बघायला मिळतात. शेजारच्या पडद्यावर बोट फिरवत गेलं की हळूहळू ते घड्याळ जवळ येतं.