‘चुकीचा म्यूटंट पाठवलात’ असा फोन करण्यापूर्वी

आम्ही प्रयोगशाळांना फळमाश्यांचे (ड्रोसोफिला) म्यूटंट, म्हणजे एखाद्या जनुकात बिघाड असलेल्या माश्या, बाटलीत भरून पुरवतो. त्यातलाच एक ‘आयलेस’, म्हणजे बिनडोळ्यांची माशी. दर सत्रात प्रॅक्टिकल सुरू झाली की आठवड्याभरात आमच्याकडे फोन येतो : "आयलेस मागवली होती, हिला तर डोळे आहेत!" बाटली बदलून द्यायला आमची ना नाही. पण बदललेली बाटलीही बहुतेक वेळा तशीच निघते, म्हणून हे पत्रक.

परत आलेली एक बाटली आम्ही भिंगाखाली घेतली. पहिल्याच माशीचा डावा डोळा जवळजवळ पूर्ण, उजव्या बाजूला मात्र टाचणीने टोचल्यासारखा लाल ठिपका. दुसरीचे दोन्ही डोळे थोडे लहान, इतकंच. लेबल चुकलं नव्हतं. आयलेसचा बिघाड चौथ्या, इवल्याशा गुणसूत्रावर असतो आणि तो प्रत्येक माशीत शाबूतच होता. बदललं होतं ते बाकीच्या गुणसूत्रांवरचं. पिढ्यानपिढ्या एकाच बाटलीत राहिलं की ज्या माशीला जरा बरे डोळे, तिचीच पिल्लं जास्त उरतात. त्यामुळे बिघाड झाकणारी इतर जनुकं हळूहळू साठत जातात. फळमाशीवर आनुवंशिकतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मॉर्गन यांनी 1929 मध्येच हे सविस्तर नोंदवलं आहे. अशी माशी वाइल्ड टाइपशी, म्हणजे म्यूटेशन नसलेल्या साध्या माशीशी, संकरित करा. पहिल्या पिढीत सगळे डोळे धड दिसतील; दुसऱ्या पिढीत आयलेस पुन्हा उघडी पडेल. विद्यार्थ्यांसाठी हाच एक झकास प्रयोग आहे. (आमचा माल परत न पाठवता करता येतो, हा आणखी एक फायदा.)

म्यूटेशन एकटं काम करत नाही. ज्या माशीत ते बसतं, तिच्या उरलेल्या सगळ्या जनुकांना पार्श्वभूमी म्हणतात. पंख घडवणाऱ्या स्कॅलप्ड जनुकाचं ई-3 हे बिघडलेलं रूप घ्या. समरकंद जातीत (जात म्हणजे इथे फळमाशीचंच एक घराणं) त्याने पंख बेताचाच खुरटतो. तेच रूप ओरेगॉन-आर जातीत आणलं की पंखाचं अगदी थोटूक उरतं. दोन्ही जाती वाइल्ड टाइप, दोन्हींचे स्वतःचे पंख धडधाकट. त्यामुळे "स्कॅलप्डचा पंख नक्की कसा दिसतो?" असं विचारलंत, तर आम्ही आधी "कोणत्या जातीत?" असंच विचारणार. टाळाटाळ समजू नका.

आता ज्या चुकीत सगळ्यांचा वेळ जातो, ती. म्यूटंट आमच्याकडून मागवायचा आणि कंट्रोल (तुलनेसाठीची माशी) म्हणून कपाटात वर्षानुवर्षं असलेली कँटन-एस ही वाइल्ड टाइप जात घ्यायची. मग आयुर्मान, चढण्याचा वेग, अंडी, काहीही मोजा, फरक निघतोच. तो तुमच्या जनुकाचा की दोन घराण्यांचा, हे मात्र सांगता येत नाही. मोठमोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. सर-टू हे जनुक जास्त चालवलेल्या माश्या दीर्घायुषी ठरल्या होत्या. 2011 मध्ये एका गटाने पुन्हा तपासलं, तेव्हा वाइल्ड टाइपच्या तुलनेत त्या खरंच जास्त जगल्या. योग्य ट्रान्सजेनिक कंट्रोल (तसाच बाहेरचा जनुक घातलेल्या, पण सर-टू जास्त न चालवणाऱ्या माश्या) शेजारी ठेवल्यावर मात्र फरक उरला नाही. तुमचा एम.एस्सी.चा विद्यार्थी सहा महिने माश्या मोजून शेवटी इथेच अडकला, तर वाईट आम्हालाही वाटतं.

म्हणून आम्ही जोडबाटली देतो : म्यूटंट आणि ज्या जातीत तो बॅकक्रॉस केला (पिढी-दर-पिढी पुन्हा पुन्हा संकर केला) ती जात, दोन्हींवर एकच संकेतांक. महाग का, तर हिशोब असा. दर बॅकक्रॉसला परक्या जनुकांचा वाटा निम्मा होतो. सहा पिढ्यांनंतर साधारण चौसष्टावा भाग उरतो. (म्यूटेशनला चिकटून असलेला तुकडा मात्र सहजासहजी सुटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.) 25 अंशांवर एक पिढी दहा दिवसांची. त्यात कुमारी माद्या वेचण्याचे दिवस धरले की सहा पिढ्यांना तीन महिने लागतात. अप्रभावी (एकच प्रत असेल तर न दिसणारं) म्यूटेशन असेल, तर ते कुणात आहे हे मधल्या पिढीत दिसतच नाही. ते उघड करायला दर वेळी एक जादा संकर लागतो आणि वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

हे घरी करणार असाल, तर जरूर करा. फक्त प्रत्येक पिढीत म्यूटेशन मादीकडून पुढे न्या. या माशीच्या नरात जोडीच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होतच नाही. नराकडून नेलंत, तर म्यूटेशनचं अख्खं गुणसूत्र सहाच काय, साठ पिढ्यांनंतरही जसंच्या तसं राहील. याच एका कारणाने "आम्ही बॅकक्रॉस केलाय" म्हणणारे दोन ग्राहक आमच्याकडे पुन्हा आले. आणि कुमारी माद्या कोशातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेचा. "सकाळी बघू" म्हणालात की पिढी वाया गेली.

जोडबाटली आल्यावर दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेळी शिजवलेल्या खाद्यावर उलटा. खाद्य तुम्ही शिजवता की आमच्याकडून घेता, याने बिघडत नाही. एका बाटलीत गूळ आणि दुसरीत साखर मात्र नको. दर वर्षी दोन्ही एकदम नव्याने मागवल्यात तर उत्तम. नुसता म्यूटंट नवा आणि कंट्रोल जुनाच, असं केलंत की गाडी पुन्हा मूळपदावर.

मागणी नोंदवताना तुमच्याकडे सध्या कोणती वाइल्ड टाइप आहे ते लिहा. नाव ठाऊक नसेल, तर वीस-पंचवीस माश्या पाठवा; त्याच घराण्यात म्यूटंट बसवून देऊ. फक्त एप्रिल-मे सोडून. त्या दिवसांत कुरिअरच्या गाडीत माश्या टिकत नाहीत.