खानदेशातील ख्रिस्ती मिशनकार्य

खानदेशातील ख्रिस्ती मिशनकार्य : तापीच्या दक्षिणेकडील सह्याद्रीच्या फाट्यांत आणि उत्तरेकडील सातपुड्यात भिल्ल, मावची (गावीत), वसावे, पावरा, कोकणा या आदिवासी समाजांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेले धर्मप्रसार, शिक्षण आणि वैद्यकीय सेवेचे काम. हा मुलूख आज मुख्यतः नंदुरबार जिल्ह्यात येतो. १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचा आणि १९०६ नंतरच्या ब्रिटिश अंमलात पश्चिम खानदेशाचा भाग होता. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची ६९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे.

डोंगरातले मिशन म्हटले की दऱ्या ओलांडत, घोड्यावर बसून जाणारा गोरा साहेब डोळ्यांपुढे येतो. खानदेशात प्रत्यक्षात काम सरकले ते रेल्वेच्या रुळाने. सुरतेहून तापी खोऱ्यातून येणारा तापी व्हॅली रेल्वेचा फाटा १९०० च्या सुमारास सुरू झाला. नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही मिशनची जुनी ठाणी एकामागून एक याच मार्गावर आहेत. बंगला, शाळा, दवाखाना आणि प्रार्थनामंदिर असे आवार स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर उभे राहायचे आणि तिथून बैलगाडीने किंवा पायी आजूबाजूच्या पाड्यांवर फेऱ्या व्हायच्या. परिणामी ख्रिस्ती वस्ती दाट झाली ती नवापूर तालुक्यात, गुजरातेतील डांगच्या हद्दीला लागून असलेल्या बुटक्या डोंगरांत. सातपुड्याचा खरा गाभा म्हणजे अक्राणी, तोरणमाळ आणि नर्मदाकाठ. तिकडे हे काम उशिरा पोहोचले आणि विरळच राहिले. धर्मप्रसाराच्या इतिहासात श्रद्धेइतकाच रस्त्यालाही मान द्यावा लागतो, तो असा.

पश्चिम खानदेशात काम करणाऱ्या मिशनांपैकी प्रमुख म्हणजे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. मूळचा स्वीडिश असलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन या प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत या संस्थेची पायाभरणी केली. १९४९ मध्ये तिचे नाव ‘दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झाले. लोक तिला ‘टीम’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात. तिच्याच नात्यातली स्वीडिश अलायन्स मिशन ही संस्थाही या भागात होती. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात ‘अलायन्स’ची खूण अजून टिकून आहे. भुसावळ, जळगाव या पूर्वेकडील भागात अमेरिकन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे काम होते. हिचे मुख्य क्षेत्र वऱ्हाड. शेजारच्या दक्षिण गुजरातेत आणि डांगात चर्च ऑफ द ब्रदरन होते. एकाच्या शेतात दुसऱ्याने नांगर घालू नये म्हणून प्रॉटेस्टंट मिशनांनी प्रदेश आपसांत वाटून घेण्याची त्या काळी रीतच होती. कॅथलिक व्यवस्थेत आजचे धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात.

आरंभाची पार्श्वभूमी दुष्काळाची आहे. संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९–१९०० साली पडलेला ‘छप्पन्नचा दुष्काळ’ गुजरात-खानदेशात अजूनही त्याच नावाने आठवला जातो. त्यात पश्चिम भारतातल्या अनेक मिशनांनी अनाथालये काढली आणि तिथे वाढलेल्या मुलांतून पुढे शिक्षक, पाळक (पाद्री) आणि घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या ‘बायबलबाया’ तयार झाल्या. भाकरीसाठी धर्म बदलला, हा आरोपही तेव्हापासूनचाच. तो साफ खोटा म्हणता येत नाही. पण एवढ्याने उलगडाही होत नाही, कारण दुष्काळ सगळ्यांवर आला होता आणि ख्रिस्ती झाले ते मोजकेच.

पाड्यावर प्रत्यक्ष काम करणारा परदेशी माणूस क्वचितच असे. ते काम देशी प्रचारकाचे, आणि तो बहुधा मराठी बोलणारा, बाहेरून आलेला. इथेच मोठी अडचण होती. बायबल मराठीत, भजने मराठीत, त्यांत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदेही आली. ऐकणाऱ्याच्या घरात मात्र मावची, देहवाली किंवा पावरी. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये निघालेल्या भिल्ली-खानदेशी खंडात बोलींचे नमुने म्हणून बायबलातला ‘उधळ्या पुत्रा’चा दाखला (बोधकथा) घेतलेला आहे, देशभरच्या बोलींसाठी तोच ठरलेला होता. सरकारी कामासाठी कथा बोलीत उतरली, उपासनेत मराठीच चालू राहिली. मावचीत गाणी रचली जाऊ लागली तेव्हा कुठे प्रार्थनामंदिरातल्या म्हाताऱ्यांचे ओठ हलू लागले. आजही अनेक मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती उपासकांच्या समूहांत, वचन मराठीत वाचतात, त्यावरचे बोलणे मावचीत होते आणि पाहुणा पाळक आला की पुन्हा सगळे मराठीवर येते.

दारूबंदी हा या कामाचा सर्वांत ठळक सामाजिक भाग. मोहाची दारू जन्म, लग्न, मरण आणि देवाचे नैवेद्य या सगळ्यांत लागते. तीच सोडायची म्हणजे जवळजवळ भावकीतून उठण्यासारखे होते. तरी दारू सोडण्याची हाक फक्त मिशननेच दिली असे नाही. १९२२–२३ मध्ये दक्षिण गुजरातेत उसळलेली देवीची चळवळ खानदेशच्या सीमाभागातही शिरली; अंगात आलेली देवी दारू-मटण सोडा, रोज आंघोळ करा, असे सांगत असे. १९३० च्या दशकात तळोदा भागातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी आरती आणि ‘आप’ या आदरार्थी संबोधनाभोवती हजारो भिल्लांना एकत्र आणले. १९३८ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर रामदास महाराजांनी ते काम पुढे नेले. सावकार, दारूवाला आणि अंमलदार यांच्या तिहेरी कात्रीतून सुटण्याची जी धडपड या चळवळींत दिसते, तीच मावची गावांनी मिशनकडे वळण्यातही दिसते. मिशनचा इतिहास लिहिणारे ही शेजारची गोष्ट बहुधा गाळतात; आरतीवाल्यांचा इतिहास लिहिणारेही मिशनला तसेच गाळतात.

दुसरे दार आजारपणाचे. पावरा गावात बडवा, मावची-कोकणा गावात भगत आजाराचे मूळ शोधतो, आणि उपाय म्हणून कोंबडे-बकरे जाते. कधी तो एखाद्या बाईकडे ‘डाकीण’ म्हणून बोट दाखवतो आणि त्या बाईच्या जिवावर बेतते. प्रार्थनेला खर्च नाही आणि डाकिणीचा शोधही नाही. अनेक कुटुंबे मंडळीत आली ती याच वाटेने. मात्र ‘प्रार्थनेने बरे होते’ हा भरवसा दवाखान्याच्या आड आला की तोही तितकाच घातक ठरतो, आणि चिंचपाड्यासारख्या ठिकाणी मिशनच्याच डॉक्टरांना हे सांगावे लागते. चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल हे या सगळ्या कामातले सर्वांत टिकाऊ फळ. १९४० च्या दशकात दवाखाना म्हणून सुरू झालेले हे रुग्णालय पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे गेले. सर्पदंश, अडलेली बाळंतपणे, क्षय आणि या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हे इथले नेहमीचे काम. येणारे रुग्ण सगळ्या धर्मांचे असतात.

ख्रिस्ती मावची गाव बाहेरून ओळखू येत नाही. तेच कुडाचे घर, तेच भाताचे खाचर, लग्नात देजही (वधूमूल्य) तेच. फरक दिसतो तो सणांत. वाघदेवाला कोंबडे जात नाही, डोंगऱ्यादेवाच्या मुक्कामाला माणसे बसत नाहीत. त्यांच्या जागी कापणीचा सण आला आहे. त्या रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातले पहिले काहीतरी घेऊन येते : पायलीभर भात, तुरीच्या शेंगांची जुडी, दुधी भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. वेदीपुढे ढीग लागतो, प्रार्थना होते आणि मग लिलाव सुरू होतो. एकच भोपळा बोलीवर बोली चढत बाजारभावाच्या कितीतरी पट जातो, घेणारा तो परत दान करतो आणि पुन्हा बोली लागते. पैसे मंडळीच्या खर्चाला. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय खायचे नाही, ही जुनी रीत अशी आडवाटेने टिकली. कडव्या प्रचारकांना हे फारसे रुचत नाही. पण ही रीत मोडायची छाती कुणाची झालेली नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे हळूहळू अवघड झाले आणि कारभार स्थानिक मंडळ्यांकडे आला. आवारांच्या जमिनी व विश्वस्तपदांवरून वाद व्हायचे ते झालेच; त्या कोर्टकचेऱ्यांत इथे शिरण्याचे कारण नाही. गेल्या काही दशकांत पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर आणि प्रार्थनेने बरे होण्यावर भर देणाऱ्या, धाटणीचे गट वाढले. तमिळनाडूतील फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडसारख्या भारतीय संस्थांनी डांग व आसपासच्या भागात माणसे पाठवली. सातपुड्यातल्या धडगाव, मोलगीकडे जी मंडळी दिसते ती पुष्कळशी या नव्या लाटेतली, एखाद्या घराच्या ओट्यावर जमणारी.

विरोधही जुनाच. १९९८ च्या नाताळात डांगमध्ये प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले, त्याची धास्ती हद्दीअलीकडच्या नवापुरातही पोहोचली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या परिवारातील वनवासी कल्याण आश्रमाशी निगडित संघटना धर्मांतरितांना जमातींच्या यादीतून वगळा, अशी मागणी करतात. आजच्या कायद्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे, जमातीचा नाही; म्हणून ख्रिस्ती गावीत हा अनुसूचित जमातीचाच राहतो. धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मध्य प्रदेशातील स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. त्याचा दाखला दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात.

पाड्यावरच्या पाळकाला मात्र या वादांपेक्षा ऊसतोडीची चिंता जास्त. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरी गावांतली अनेक कुटुंबे कोयते घेऊन बारडोली-सुरतेकडे जातात. लहान मंडळीत अशा वेळी म्हातारे आणि शाळकरी पोरेच उरतात, अर्पणाच्या थैलीत फार काही पडत नाही, आणि पाळक स्वतःही बहुधा अल्पभूधारकच असल्याने काही वेळा तोही मंडळीबरोबर पडावावर (ऊसतोड मजुरांच्या तळावर) जातो. लग्ने, बाप्तिस्मे आणि मंडळीची वार्षिक सभा मग उन्हाळ्यावर, ऊस संपून माणसे परतण्यावर ढकलली जातात.