पवनचक्क्यांमुळे तारे दिसेनासे होतात? अर्धंच खरं आहे

पवनचक्क्या उभ्या राहिल्या की रात्रीचं आकाश गेलं, आता आकाशगंगा विसरा, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. पण पवनचक्की स्वतः उजेड टाकत नाही हो, तिच्यावर असतो तो विमानांना इशारा देणारा लाल दिवा. अमेरिकेत साधारण 200 फुटांपेक्षा उंच बांधकामावर असे दिवे लावतात, रात्रीचा नेहमीचा लाल दिवा साधारण 2000 कँडेलाचा (कँडेला म्हणजे दिव्याच्या प्रखरतेचं माप), तोही उघडझाप करणारा, आणि तिकडे प्रत्येक पवनचक्कीवर तो लागतोच असंही नाही. आकाश धुरकट उजळतं ते शहरातल्या हजारो दिव्यांनी, जे रात्रभर चालू असतात, आणि त्यातही पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश हवेत लाल प्रकाशाच्या जवळपास चौपट विखुरतो. त्यामुळे डोक्यावरचे तारे पुसायचं काम हे लाल दिवे करत नाहीत, तो आळ चुकीचाय.

पण म्हणून तक्रार करणारे वेडे आहेत असं अजिबात नाही! क्षितिजावर शंभरेक लाल ठिपके एकाच तालात उघडझाप करायला लागले की नजर सारखी तिकडेच जाते, क्षितिजालगतचे फोटो बिघडतात, शांत अंधार हवा असलेल्या माणसाचं डोकं उठतं (माझंही उठेल).

यावर उपाय आहे. रडारनं विमान जवळ आल्याचं कळलं तरच दिवे लागतात, एरवी बंद. जर्मनीत तर कायद्यानंच हे सक्तीचं केलंय.