न छेडलेली तारच जास्त बोंबलते

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय की डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की आवाज घाण होतो आणि त्यावर औषध म्हणजे नॉईज गेटचा पेडल. दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. घाण आधीपासूनच तारांमध्ये असते, डिस्टॉर्शन ती फक्त चव्हाट्यावर आणतं. आणि गेट काही तार थांबवत नाही, सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो कापतो, बस. तुम्ही एक नोट वाजवली की गेट उघडतो आणि तिच्यासोबत शेजारच्या तारांचा गोंगाटही खुशाल आत येतो. वाजवत नसताना सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) जी गुणगुण चालू असते तिच्यासाठी गेट मस्त आहे, पण हाताचं काम तो करणार नाही.

आता गंमत बघा. अ‍ॅम्प क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय) ठेवा, जाड ई तार (जाडीकडून बारीककडे तारा ई, ए, डी, जी, बी, ई) मोकळीच, म्हणजे कुठेही न दाबता, जोरात छेडा, जरा वाजू द्या आणि मग फक्त तीच तार हाताने बंद करा. बी आणि बारीक ई वाजत असलेल्या ऐकू येतील, ज्यांना तुम्ही बोटही लावलं नव्हतं! जाड ई 82.4 हर्ट्झची, पण कुठलीही तार एकाच फ्रिक्वेन्सीवर थरथरत नाही, तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट असे हार्मोनिक्स असतातच. तिप्पट म्हणजे 247.2, आणि मोकळी बी आहे 246.9 ला. चौपट म्हणजे 329.6, म्हणजे थेट बारीक ई. ब्रिज (गिटारच्या अंगावरचा तारांचा टेकू) आणि नट (मानेच्या टोकाचा टेकू) यांमधून थोडीशी थरथर पलीकडे पोचते आणि फ्रेक्वेन्सी जुळली की ती तार आपोआप जागी होते. सतारीला तरफेच्या तारा मुद्दाम याचसाठी लावतात, गिटारवर मात्र हीच गोष्ट डोक्याला ताप.

(जाता जाता: ए चा स्वर 440 ऐवजी 432 हर्ट्झवर लावला की तारा ‘विश्वाशी जुळतात’ वगैरे जे फिरत असतं त्याला या गणितात कुठेही जागा नाही. अनुनाद, म्हणजे एका तारेने दुसरी जागी होणं, तारांमधल्या गुणोत्तरावर चालतो, सगळ्या तारा सारख्याच खाली उतरवल्या तर गुणोत्तर तेच राहतं. 440 हा 1939 च्या लंडन परिषदेत सोयीसाठी ठरलेला आकडा आहे, त्यात षड्यंत्रही नाही आणि 432 मध्ये चमत्कारही नाही.)

डिस्टॉर्शनमध्ये दोन गोष्टी होतात. एक, मोठा सिग्नल छताला आपटून कापला जातो आणि बारीकसारीक सिग्नल भरपूर वाढतो, त्यामुळे मुख्य नोट थांबली रे थांबली की मागची कुजबुज एकदम ओरडायला लागते. दुसरी जास्त वाईट. दोन स्वर एकत्र कापले गेले की त्यांची बेरीज आणि वजाबाकी असे नवेच स्वर तयार होतात. मोकळी ए 110 ची आणि डी तारेवर दुसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीचा) ई साधारण 165 चा, हा झाला पॉवर कॉर्ड. वजाबाकी 55, बेरीज 275, सगळं 55 च्या पटीत, म्हणून तो कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये भरदार लागतो. आता चुकून मोकळी जी (196) वाजली तर 31 आणि 86 हर्ट्झची भुतं उठतात जी कशाच्याच पटीत बसत नाहीत. ऐकणाऱ्याला जी वेगळी ऐकू येत नाही, त्याला फक्त चिखल ऐकू येतो.

मग तार थांबवायची कशी? धातूचा फ्रेट तारेला टेकला तर बहुतेक ऊर्जा परत पाठवतो, तार फक्त आखूड होते. मऊ मांस टेकलं की ते ऊर्जा खातं, तिची उष्णता होते. पण किती खाणार हे कुठे टेकलंय त्यावर आहे, आणि मला या सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात आवडतो. आदर्श तार धरली तर n व्या हार्मोनिकचा ऱ्हास sin²(nπx/L) च्या प्रमाणात होतो, L तारेची लांबी आणि x बोटाचं ब्रिजपासूनचं अंतर. गणित नको असेल तर एवढंच धरा की त्या जागी तो हार्मोनिक जितका हलत असेल तितका तो मरतो, जागेवर हलतच नसेल तर जिवंत राहतो.

या एका सूत्रातून दोन टोकाच्या गोष्टी निघतात. 648 मिलिमीटरची तार घ्या आणि तळहाताची कड ब्रिजपासून 10 मिलिमीटरवर ठेवा. मूळ स्वराला बसणारा मार तारेच्या मध्यावर बसेल त्याच्या 400 हून जास्त पटींनी कमी, म्हणून नोट मरत नाही. पण ब्रिजजवळ हा मार n² ने वाढतो, दुसऱ्या हार्मोनिकला चौपट, तिसऱ्याला नऊपट, दहाव्याला जवळपास शंभरपट, त्यामुळे वरची चकाकी आधी जाते आणि खाली ‘चग चग’ उरतं. हाच पाम म्यूट. हात 10 चा 20 मिलिमीटरवर सरकला की मूळ स्वरालाही चौपट मार, म्हणजे चगचं ठक्क. हाताची जागा एवढी नाजूक का असते त्याचं उत्तर हे.

दुसरं टोक म्हणजे बारावा फ्रेट. तिथे हलकं बोट ठेवलं की मूळ स्वर लगेच खलास, पण दुसरा हार्मोनिक त्या बिंदूला हलतच नाही, sin²(π) शून्य, आणि तार बंद होण्याऐवजी घंटेसारखी वाजते. सातव्या आणि पाचव्या फ्रेटवरही तसंच. म्हणून तार पूर्ण मारायची तर एक बोट पुरत नाही, थोड्या अंतरावर दोन-तीन बोटं आडवी ठेवा, म्हणजे एकाच्या तावडीतून सुटलेला हार्मोनिक दुसऱ्याच्या हातात सापडतो.

प्रत्यक्षात हे सगळं दोन्ही हात मिळून करतात. डी तारेवर वाजवताय असं धरा. पहिल्या बोटाचं टोक थोडं पुढे काढून जाड बाजूच्या ए तारेला टेकवायचं, त्याच बोटाचा पोटाकडचा भाग जी, बी, बारीक ई वर नुसता लोळवायचा, दाबायचा नाही. जाड ई उरली, ती मानेवरून आलेल्या अंगठ्याने किंवा पिकच्या हाताच्या तळव्याने. वाचायला लांबलचक वाटतं पण सवय झाली की हे लक्षातही येत नाही. बेंड (दाबलेली तार आडवी ढकलून स्वर चढवणं) मात्र घात करतो, वर ढकलताना शेजारची जाड तार बोटाखाली अडकते आणि बेंड सोडताना टुंग करून सुटते, तिथे पिकचा तळवा जाड तारांवर टेकलेलाच हवा.

यंत्राकडून हे करून घ्यायचे प्रयत्न जुनेच आहेत, फेंडरच्या 1962 च्या जॅग्वारला ब्रिजपाशी वर-खाली होणारा म्यूट कंपनीतूनच यायचा. ट्रेमोलोवाल्या (दांड्याने ब्रिज हलवून स्वर वर-खाली करता येणाऱ्या) गिटारीत मागच्या खोबणीतल्या स्प्रिंगाही तारांसोबत किणकिणतात, तिथे फोमचा तुकडा कोंबला की काम होतं. आणि नटपाशी केसांचा जाड रबरबँड गुंडाळतात तो फसवणूक नाही, मोकळ्या तारांचा अनुनाद तो खरंच मारतो. फ्रेट दाबला की तो वाजणाऱ्या भागाच्या बाहेर राहतो त्यामुळे नोटेला धक्का लागत नाही, मात्र गाण्यात मोकळी तार लागणार असेल तर तो आधी नटच्या मागे सरकवून ठेवावा लागतो.