धातू-अधातूंमधील इलेक्ट्रॉनांची देवघेव

रासायनिक अभिक्रियेत धातूंचे अणू बाह्यतम कक्षेतील इलेक्ट्रॉन गमावून धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेले कण, बनतात. अधातूंचे अणू इलेक्ट्रॉन मिळवून ऋण आयन बनतात किंवा दुसऱ्या अणूबरोबर इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात. अणुकेंद्रकाची बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड धातूंत सैल असते, अधातूंत घट्ट. फरक पडतो तो त्यामुळे.

खानदेशात रावेर-यावलच्या केळीबागांना दिले जाणारे पोटॅश हे बहुतेकदा पोटॅशिअम क्लोराइड असते. पोटॅशिअमची कक्षांनुसार इलेक्ट्रॉन-मांडणी २, ८, ८, १ आणि क्लोरीनची २, ८, ७. पहिल्याने एक दिला, दुसऱ्याने तो घेतला, की दोघेही आर्गॉन या राजवायूसारखे २, ८, ८ होतात. केळीची मुळे शोषतात तो पोटॅशिअमचा आयनच. मूळ धातू पाण्यात पडताच पेट घेतो; तो बागेत टाकण्याची सोय नाही.

‘धातू इलेक्ट्रॉन देतात’ या शालेय वाक्यावरून ते आपणहून देतात असा समज होतो. तो चुकीचा आहे. वायुरूप पोटॅशिअमच्या १ मोल, म्हणजे ३९ ग्रॅम, अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४१९ किलोजूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनच्या तेवढ्याच अणूंनी ते स्वीकारले की सुमारे ३४९ किलोजूल परत मिळते. नुसत्या देवघेवीत ७० किलोजूलचा तोटाच! तो भरून निघतो विरुद्ध प्रभारांचे आयन एकत्र येऊन स्फटिक बांधतात तेव्हा. त्यात ७०० किलोजूलहून अधिक ऊर्जा बाहेर पडते.

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना पकड सैल होत जाते आणि आवर्तात (आडव्या ओळीत) उजवीकडे जाताना साधारणपणे घट्ट होते. सोने मात्र धातू असूनही हात आखडता घेते. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ८९० किलोजूल लागतात. जळगावच्या सराफ बाजारातले शुद्ध सोने हवेत काळवंडत नाही ते याच कारणाने. सोने शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत मिश्रधातूत पुरेशी चांदी घालून तो नायट्रिक आम्लात टाकतात; चांदी आणि तांबे इलेक्ट्रॉन गमावून विरघळतात, सोने तसेच उरते. आम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात, तेही विरघळते, कारण तिथे क्लोराइड आयन सुटलेल्या सोन्याला लगेच धरून ठेवतात. सीझिअमबरोबर तर सोने चक्क इलेक्ट्रॉन घेते आणि सीझिअम ऑराइड हे संयुग तयार होते. हायड्रोजनचेही तसेच: तो अधातू, पण आम्लांमध्ये धन आयनाच्या रूपात वावरतो आणि सोडिअम हायड्राइडमध्ये ऋण आयनाच्या.