काजऱ्याच्या बीतले कोडे: अज्ञात रेणूची संरचना ओळखण्याची पार्श्वभूमी

कोकणातल्या रानात काजऱ्याचे झाड ओळखणारी माणसे आजही भेटतात. फळ नारिंगी आणि देखणे, पण आतली चपटी, बटणासारखी बी जहाल विषारी. वैद्य तिला कुचला म्हणतात आणि शोधन, म्हणजे विष कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय औषधात घालत नाहीत. त्या विषाचे नाव स्ट्रिकनीन. १८१८ मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि कावांतू यांनी काजऱ्याच्याच कुळातल्या एका बीपासून ते शुद्ध रूपात वेगळे केले. पण त्या पांढऱ्या स्फटिकातले अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत, हे सांगता यायला १९४६ साल उजाडले. मधल्या १२८ वर्षांत सेंद्रिय रसायनशास्त्र स्वतःच घडत होते.

पहिला प्रश्न साधा होता: पदार्थात काय आहे आणि किती? त्यासाठी पदार्थ जाळायचा. १८३१ मध्ये जर्मनीतल्या गीसेन इथे रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी काचेचे पाच फुगे असलेले एक छोटे उपकरण बनवले. ज्वलनातून निघणारी वाफ आधी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडकायची, मग कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांमधल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जायचा. आधीचे आणि नंतरचे वजन ताडून पाहिले की हायड्रोजन आणि कार्बन यांचे प्रमाण हाती यायचे. विद्यार्थ्यालाही जमेल इतके हे काम सोपे झाले, आणि माझ्या मते खरी क्रांती तीच. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ते उपकरण आजही दिसते. स्ट्रिकनीनचे रेणुसूत्र रेन्यो यांनी १८३८ मध्येच ठरवले: २१ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन.

पण सूत्र म्हणजे ओळख नव्हे. लीबिग यांचे सिल्व्हर फुल्मिनेट जरा धक्का लागला तरी फुटायचे; व्होलर यांचे सिल्व्हर सायनेट तसे निरुपद्रवी. दोघांतले घटक आणि त्यांचे प्रमाण मात्र एकच! बर्झेलियस यांनी १८३० मध्ये या प्रकाराला समघटकता हे नाव दिले. म्हणजे मोजदादीपलीकडे मांडणीही शोधायला हवी होती. कार्बन चार बंध करतो, हे १८५८ मध्ये केकुले आणि कूपर यांनी मांडल्यावर मांडणी कागदावर काढता येऊ लागली.

ती शोधायची एकच वाट होती: रेणू तोडायचा, ओळखीचे तुकडे गोळा करायचे आणि मूळ घर कसे असेल ते ताडायचे. स्ट्रिकनीन तीव्र अल्कलीबरोबर तापवून मिळालेल्या तुकड्यांवरून त्यात इंडोलचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या दोन जोडवलयांचा, सांगाडा असल्याचे कळले. पण सात वलये एकमेकांत गुंतलेली. एक तोडले की शेजारची मांडणीही बदलायची. बर्लिनच्या हेर्मान लॉइक्स यांनी या रेणूवर आणि त्याच्या जवळच्या भाईबंदांवर शंभराहून अधिक निबंध लिहिले. अखेर रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये बरोबर संरचना मांडली, आणि वुडवर्ड यांनी १९५४ मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत उभा करून दाखवला. एवढ्या चिकाटीपुढे मान आपोआप झुकते.

त्याच सुमारास वाट बदलत होती, आणि तीही रसायनशास्त्राबाहेरून. १९५० मध्ये स्टॅनफर्डला प्रॉक्टर आणि यू हे भौतिकशास्त्रज्ञ नायट्रोजनच्या अणुकेंद्राचे चुंबकीय गुणधर्म मोजत होते. अमोनियम नायट्रेटमधून एक संकेत अपेक्षित असताना दोन मिळाले. रेणूत अणू कुठे बसला आहे यावर संकेताची जागा ठरते, हे त्यातून पुढे आले. १९५१ मध्ये तिथेच आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथाइल अल्कोहोलमधून आलेखावर हायड्रोजनच्या संकेताची तीन वेगळी शिखरे दाखवली, ३:२:१ या प्रमाणात. रेणूचा एकही बंध न तोडता त्याची रचना कागदावर उमटली होती! यांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचे, म्हणजे अणुकेंद्रांच्या चुंबकीय संकेतांवरून रेणू ओळखण्याच्या याच तंत्राचे, संशोधन सुरू केले. आज तिथे या तंत्राची राष्ट्रीय सुविधा आहे. मराठी वाचकांना हे नाव फारसे ठाऊक नाही, याची खंत वाटते.

इन्फ्रारेड वर्णपटाने कोणते गट आहेत ते सांगितले, मास स्पेक्ट्रोमीटरने रेणूचे वस्तुमान, तर क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंच्या जागाच दाखवल्या. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये पेनिसिलीनची संरचना याच मार्गाने उलगडली.

तरीही वाट सोपी झाली असे नाही. कडुनिंबाच्या बियांतले अझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये वेगळे केले गेले. त्यात ३५ कार्बन आणि १६ ऑक्सिजन आहेत. १९७५ मध्ये मांडलेली त्याची संरचना पुढे दुरुस्त करावी लागली, आणि बरोबर संरचना १९८५ च्या सुमारास पक्की झाली. केंब्रिजमध्ये ते कृत्रिमरीत्या तयार झाले ते थेट २००७ मध्ये.