एअर रायफलच्या स्कोपचे टरेट : क्लिक मोजण्याआधी अंतर मोजा

नेम धरायच्या दुर्बिणीच्या, म्हणजे स्कोपच्या, मधोमध दोन डायल असतात; त्यांनाच टरेट म्हणतात. वरची डायल छर्रा वर-खाली नेते, बाजूची डावी-उजवीकडे. डायलवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, क्रॉसहेअर (आतली नेमाची फुली) कुठे सरकेल ते नव्हे. छर्रा खाली लागत असेल तर ‘वर’च्या बाणाकडे फिरवा.

डायल फिरवताना ‘टक’ होणारा एक टप्पा म्हणजे एक क्लिक. बहुतेक स्कोपवर एका क्लिकला पाव एम.ओ.ए. (कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग) असे लिहिलेले असते. १०० मीटरवर त्याचे ७.३ मि.मी. होतात, २५ मीटरवर १.८ मि.मी. आणि १० मीटरवर जेमतेम ०.७ मि.मी. घराच्या परसात १० मीटरवर चार क्लिक फिरवले तर फरक ३ मि.मी.हूनही कमी पडतो. छर्र्याचे भोकच साडेचार मि.मी.चे, मग तो फरक कागदावर दिसणार कसा? ‘डायल फिरवली तरी काही हलत नाही’ असे वाटते ते बहुधा यामुळेच. स्कोपवर ०.१ मिल (कोनाचेच दुसरे माप) लिहिले असेल तर हिशेब सोपा: १० मीटरवर १ मि.मी., २५ मीटरवर अडीच.

झिरो करताना

झिरो करणे म्हणजे ठरावीक अंतरावर छर्रा नेमाच्या बिंदूवरच लागेल अशी डायल बसवणे. त्यासाठी सकाळी लवकर बसा. किनाऱ्याकडच्या गावांत दुपार झाली की समुद्रावरचा वारा सुटतो आणि हलका छर्रा बाजूला ढकलतो. तो फरक डायलवर काढलात तर दुसऱ्या दिवशी नेम पुन्हा चुकणार.

अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. टार्गेटमागे चिऱ्याचा उघडा गडगा नको, कारण शिशाचे तुकडे उलटून येतात. जुने कपडे किंवा गोणपाट घट्ट ठासलेली जाड लाकडी पेटी ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा लावा.

एकाच बिंदूवर नेम धरून पाच छर्रे मारा, मगच डायलला हात लावा. एका छर्र्यावरून दुरुस्ती करू नका. पाचांचा मध्य काढून पट्टीने मोजा. समजा २५ मीटरवर मध्य २७ मि.मी. खाली आणि ९ मि.मी. उजवीकडे आहे. भागिले १.८ केले की १५ क्लिक वर, ५ क्लिक डावीकडे. पुन्हा पाच छर्रे मारून खात्री करा. मग डायलच्या टोपीचे बारीक स्क्रू एलेन कीने सैल करा, आतला दांडा न हलवता टोपी ० वर आणा आणि स्क्रू आवळा. काही डायल वर ओढल्याशिवाय फिरत नाहीत. त्या जोर लावून फिरवू नका.

झिरो झाल्यावर प्रत्येक ५ मीटरवर मारून किती क्लिक लागतात ते वहीत लिहा. स्कोप नळीच्या चार-पाच सें.मी. वर बसतो, त्यामुळे २५ मीटरवर झिरो असलेली रायफल ४० मीटरवर खाली मारते तशी १० मीटरवरही खालीच मारते. जवळ आहे म्हणून क्लिक कमी करणे ही नेहमीची चूक. दुसऱ्याचा तक्ता वापरू नका; छर्र्याचे वजन बदलले तरी आकडे बदलतात.

डायल खरी चालते का?

२५ मीटरवर नेमाचा बिंदू तोच ठेवून २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे असे जा आणि प्रत्येक ठिकाणी तीन छर्रे मारा. साधारण ३६ मि.मी. बाजूचा चौकोन उमटून शेवटचे छर्रे पहिल्या जागी परतायला हवेत. चौकोन तिरका आला तर स्कोप त्याला धरणाऱ्या रिंगमध्ये कलता बसला आहे. परतले नाहीत तर आधी माउंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड) तपासा. स्प्रिंगच्या रायफलला आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका बसतो, त्याने माउंट खाचेत मागे सरकतो. थांब-खिळा असलेला माउंटच घ्या. काडतुसाच्या बंदुकीचा स्कोप हा पुढचा झटका सोसत नाही, आतले क्रॉसहेअर सुटतात.

नळी मोडून भरायच्या रायफलींत नळी किंचित खाली झुकलेली असते. ती कसर डायलने भरून काढली की डायल टोकाला जाते, आतल्या स्प्रिंगचा दाब जातो आणि झिरो रोज वेगळा येतो. अशा वेळी डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत न्या, निम्म्यावर परत आणा आणि उतार दिलेला माउंट बसवा. हा खर्च वाचवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरू नका, टणक टेकूवरही ठेवू नका. खाली तळहात सैल ठेवा, आणि रोज तसाच.

पावसाळा

जून ते सप्टेंबर रायफल कपाटात कोंडून ठेवली की काचेवर बुरशी आणि स्क्रूंवर गंज ठरलेला. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर पंधरा दिवसांनी बदला. टरेटच्या टोप्या घट्ट लावा, पण आत तेल सोडू नका. सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा मशीनचे तेल तर अजिबात नको: दाबाने ते पेटते, छर्र्याचा वेग दर वेळी बदलतो आणि दोष मात्र स्कोपला लागतो.

पक्ष्या-प्राण्यांवर ही रायफल चालवू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे.

आमच्याकडे तक्रार घेऊन येताना मारलेला कागद, छर्र्यांचा डबा आणि मोजलेले अंतर सोबत आणा. नुसता स्कोप काढून आणू नका; माउंटसकट रायफलीवर असतानाच आम्हाला दोष शोधता येतो.